खालाची सुट्टी

महिन्यातले काही दिवस खालाच्या डाव्या हाताच्या पाच नखांवर पाच वेगवेगळे रंग असत आणि बाकीचे सगळे दिवस तिची नखं घासून ठेवलेल्या ताटलीसारखी कोरी. गल्लीत नव्याने आलेल्या माणसाला यातला कुठला हात आधी दिसेल हे त्याच्या नशिबावर. ज्याला रंगीत हात दिसला तो म्हणे, बाई मोठी हौशी आहे. ज्याला कोरा दिसला तो म्हणे, किती साधी बाई. दोघांचंही खरं होतं.

खामगावात आमचं आणि तिचं घर भिंतीला भिंत लावून. तिच्या पुढच्या खोलीत बांगड्यांचं दुकान होतं. चाचा, म्हणजे तिचे मालक, मोटरसायकलला पेट्या बांधून आठवडी बाजार करायचे आणि खाला घरी बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायची. खाला म्हणजे मावशी, पण तिच्याच वयाची माझी आईसुद्धा तिला खालाच म्हणे. बांगड्यांच्या कपाटाखाली एक बुटकी फळी होती, तिच्यावर नखपॉलिशच्या बाटल्या. सगळ्या स्वस्तातल्या. मोबाईलवरच्या जाहिरातींतल्या कंपन्या त्या फळीपर्यंत कधी पोचल्या नाहीत, आणि आमच्या गल्लीतल्या पोरींना त्या परवडणाऱ्याही नव्हत्या. पण फळीवर जागा मिळवायची तर प्रत्येक रंगाला आधी खालाच्या नखावरून जावं लागे. ठोकवाला नवा माल घेऊन आला की ती एकेक बाटली ठेवून घेई आणि त्याला म्हणे, "थांब भाऊ. माही सुट्टी येऊ दे, मंग सांगीन."

ही सुट्टी कसली, ते मला शाळेत असताना आईकडून कळलं. खाला पाचही वेळची नमाज पढणारी. नमाजेआधी वजू, म्हणजे हातपाय-तोंड धुणं, आणि त्यात पाणी नखाला लागलंच पाहिजे. पॉलिश पाण्याला आत जाऊ देत नाही. म्हणून रंग लावायचा तो फक्त महिन्याच्या त्या चार दिवसांत, जेव्हा बाईला नमाज नसते. त्या दिवसांच्या नमाजा माफ असतात, नंतर फेडाव्या लागत नाहीत. आई हंगामात जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला जायची. ती म्हणाली, "तिच्या अल्लानं तिले दर महिन्याले रजा देल्ली. आपला जिनिंगवाला एक दिवस देत नाही." गल्लीतल्या साऱ्या बायकांना खालाची तारीख तिच्या नखांवरून कळे आणि कुणालाच त्यात लाजण्यासारखं काही वाटत नसे. पुरुषांना ते कळत नसे, निदान ते तसं दाखवत. चाचा मात्र रंग दिसला की नळाचं पाणी स्वतः भरायला उठत.

सुट्टी म्हणजे खाला हातावर हात ठेवून बसायची असं नाही. उलट त्या दिवसांत ती मुद्दाम जास्त भांडी काढी. साबणसोड्यात कपडे भिजवी, हळद-तिखट कालवी, ज्वारीचं पीठ मळी आणि संध्याकाळी दारातल्या उजेडात पंजा धरून बघत बसे. कोणाची कड सुटली, कोणाला चीर गेली, कोणाची चमक पहिल्याच भांड्याला उतरली. पण तिची खरी परीक्षा शेवटच्या दिवशी असे. तेव्हा ती मला हाक मारी, कारण आईने जिनिंगमधून आणलेला कापूस पुरवायचं काम माझं. खामगावात राहून कापूस विकत घेणारा माणूस खालाच्या मते कामातून गेलेला होता. रिमूव्हरचा बोळा एकदा फिरवल्यावर जो रंग सगळाच्या सगळा निघे आणि खालचं नख गुलाबी सापडे, तो पास. नखावर पिवळी झाक सोडून जाणारा कितीही देखणा असला तरी नापास.

"लावाले तं कोणालेबी येते," ती म्हणे. "रंग पाहावं तं जातानी पाहावं. आला तसा गेला पाह्यजे."

एकदा एक किरमिजी रंग आला होता. काय देखणा होता! गल्लीतल्या आम्ही पोरी दिवसातून दोनदा खालाचं ते बोट बघायला जायचो. भांडी, सोडा, पीठ, सगळ्यांना तो पुरून उरला. शेवटच्या दिवशी मात्र काही केल्या निघेना. खालाने बोळ्यावर बोळे फिरवले, लिंबू चोळलं, शेवटी कानस घेऊन खरवडला. नमाजेची वेळ होत आली होती आणि तिच्या नखाच्या कडेतून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी तिने बाटली ठोकवाल्याच्या हातात परत ठेवली.

"काऊन खाला? पक्का रंग हाये. पोरी तुटून पडतीन."

"पक्का नाही भाऊ, हा कब्जा करते."

ठोकवाल्याने तो माल पलीकडच्या गल्लीतल्या दुकानात दिला आणि तिथे तो धो धो खपला. चाचा दोन दिवस धुसफुसत होते. खाला बांगड्या पुसत एवढंच म्हणाली, "मले माहीत असून मी कोणाच्या लेकीच्या हाताले लावू काय?" आम्ही पोरी तिच्याकडेच का जायचो, ते मला वाटतं एवढ्यातच आलं. मला चिखलीच्या शाळेत नोकरीसाठी बोलावलं तेव्हाही बाटली तिनेच काढून दिली. फिकट, जवळजवळ नखाच्याच रंगाची. म्हणाली, "साहेबासमोर हात लपवावा नाही लागला पाह्यजे."

नोकरी लागली, मी चिखलीला राहायला गेले. मध्येच एका खेपेला आले तेव्हा खाला कोरा हात उलटासुलटा करून दाखवत म्हणाली, "माही सुट्टी संपली बाई. आता कायमची ड्युटी." ती हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. वय झालं, दिवस थांबले, असं दुसरी बाई म्हणाली असती तर तिच्या आवाजात सुटका ऐकू आली असती. खालाचं काहीतरी हातचं गेलं होतं. त्यानंतर ती नवे रंग माझ्या नखांवर बघायची. मी सुट्टीला आले की माझे दोन्ही पंजे तिच्या ताब्यात. पण तिचं समाधान होत नसे. "दुसऱ्याच्या नखावर रंग दिसते," ती म्हणे, "कळत नाही." हळूहळू फळीवरच्या बाटल्या कमी झाल्या आणि तिथे केसांच्या पिना आल्या.

मग काही वर्षांनी दिवाळीच्या सुट्टीत घरी आले, तर खाला दारातच उभी. डाव्या हाताला पाच रंग.

"हे काय खाला?"

"अल्लानं सुट्टी वापस देल्ली!" तिने पंजा माझ्या तोंडापुढे नाचवला. "मी तं फळी पुसून ठेवली होती वो!"

इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. आईही हसली. "पुन्हा जवान झाली आमची खाला," असं तिने गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं. चाचा पाण्याची कळशी उचलून आत गेले. ठोकवाल्याला निरोप गेला, फळीवर बाटल्या परत आल्या. आम्हा सगळ्यांना ती एक मजा वाटली होती. त्यात वाईट काही असू शकतं हे मनालाही शिवलं नाही.

दिवाळी गेली, संक्रांत आली, आणि खालाच्या नखांवरचा रंग गेलाच नाही. एक काढून दुसरा येई, दुसरा काढून तिसरा. जिनिंगचा हंगाम होता. आई अंधार पडता पडता घरी यायची आणि येताना दुकानात डोकवायची. एका संध्याकाळी तिला एकदम आठवलं, तिच्यासोबत कापूस वेचणारी एक बाई, दिवस थांबून वर्षं झाल्यावर तिला परत अंगावरून जायला लागलं होतं. लाजेने तिने कोणाला सांगितलं नाही, आणि पुढच्या हंगामाला ती नव्हती. आई तशीच, अंगावरचा कापूसही न झटकता, खालासमोर जाऊन बसली.

"खाला, सुट्टी इतकी लांबत नसते."

खाला भडकली. "तुले माही खुशी पाहावली नाही काय?" म्हणाली. आईशी बोलणं टाकलं. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत काही दिवस एकमेकींच्या भांड्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग एका सकाळी ती स्वतःच चप्पल घालून आमच्या दारात उभी राहिली. बोटं कोरी होती. "चाल," एवढंच म्हणाली.

खामगावच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं. अकोल्याला तपासण्या झाल्या आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गर्भपिशवीचा कॅन्सर असल्याचं सांगितलं. पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच यायला हवं होतं, असंही म्हणाल्या. आई सोबत होती, तिनेच मला हे सगळं फोनवर सांगितलं. खालाने सारं शांतपणे ऐकून घेतलं. किती दिवस उरले, खर्च किती, काहीच विचारलं नाही.

"म्हणजे ती सुट्टी नव्हती?" तिने विचारलं.

"नाही. तो आजार होता."

"मंग माह्या नमाजा?"

डॉक्टरीणबाईंना प्रश्न कळला नाही. आईला कळला. हे सांगताना आई फोनवर रडायला लागली, आणि माझी आई सहसा रडणारी बाई नाही.

मोहल्ल्यात मुलींना कुराण शिकवणाऱ्या एक वयस्कर आपा होत्या. खालाने त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी तिचा हात हातात धरून जे खरं होतं ते सांगितलं. आजाराच्या रक्तात नमाज माफ नसते. नवा वजू करून पढायची असते. इतक्या महिन्यांच्या ज्या राहिल्या, त्या आता फेडायला हव्यात. खालाने मान डोलावली आणि त्याच दिवसापासून सुरुवात केली. उपचारांच्या फेऱ्यांतून परत आली की रोजच्या पाच आणि त्यांच्या जोडीला जुन्या. आधी उभी राहून, मग खुर्चीत बसून, मग पलंगावर पडल्या पडल्या नुसत्या मानेने. चाचा म्हणायचे, आराम कर. ती म्हणायची, आराम करूनच तं हे झालं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला भेटायला गेले. जाण्याआधी माझ्या नखांवरचा रंग पुसून टाकला होता. तिच्यासमोर रंगलेले हात घेऊन बसायचं माझ्या जिवावर आलं. तिने ते पहिल्या नजरेत ओळखलं.

"काऊन वो? दुकान बंद पडलं काय माहं?"

ती खूप वाळली होती. माझी बोटं आपल्या हातात घेऊन एकेक नख अंगठ्याने चाचपत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "सुट्टी खोटी निघाली बाई. पण खुशी खोटी नव्हती. लय खूश होती मी त्या दिवसांत. याचंच भेव वाटते. अल्ला ईचारीन, माही नमाज सोडून कशाची खुशी करून राह्यली होती? मी काय सांगू?"

मी शाळेत मुलांना उत्तरं शिकवते. त्या वेळी मात्र जे तोंडात आलं ते बोलून गेले, "खाला, सांगजो, नखपॉलिशची."

ती इतकी हसली की तिला कळ आली. कळ जाईपर्यंत तिने माझा हात धरून ठेवला आणि तरीही हसतच होती.

पेरण्यांच्या आधी ती गेली. काही नमाजा राहून गेल्या. किती, ते तिला ठाऊक आणि चाचांना ठाऊक.

माणूस गेल्यावर त्याच्या राहिलेल्या प्रत्येक नमाजेमागे गोरगरिबाला गहू देतात. आठ दिवसांनी चाचांनी दुकानाच्या खोलीत चादर अंथरली आणि तिच्यावर गव्हाची पोती ओतली. बांगड्यांची कपाटं भिंतीकडे सरकवलेली होती. मी तेव्हा घरीच होते. आईने दारातून ते पाहिलं, ती घरी गेली आणि आमच्या कोठीतले गहू डबा भरून घेऊन आली. मी तिच्या मागोमाग गेले.

"चाचा, हेही त्यात टाका," आई म्हणाली.

चाचा दचकलेच. "नाही वहिनी. हे घरातूनच जाते. तिच्या माणसाईनं द्याचं असते."

"पहिल्या दिवशी तिचा हात पाहून मीच हासली होती," आई म्हणाली. "साऱ्या गल्लीले ऐकू जाईन इतकी. मी हासली म्हणून तिले वाटलं सारं बरोबर हाये. मी जे दिवस हासत होती, तेवढ्या दिवसाईचे तरी माह्याकडून घ्या."

चाचांनी आईकडे पाहिलं. त्यांनी डबा हातात घेतला, आमचे गहू चादरीवरच्या ढिगात ओतले, आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ते एकमेकांत मिसळत राहिले.