लोणच्यातले बोल्ट

रामकुंडावर दोरीला लोहचुंबक बांधून पाण्यातली नाणी वर काढणारे असतात ना, त्यांच्यातल्याच एकाकडून मी माझं लोहचुंबक घेतलं. एवढं जबर, की खिशात घालून सातपूरच्या थांब्यावर उभा राहिलो तर न थांबणारी बससुद्धा माझ्यापाशी येऊन थांबायची. खोटं वाटत असेल तर वाटू दे. स्टेनलेस स्टील घेताना मी दुसरं काही बघतच नसे. चिकटलं की नकली, नाही चिकटलं की अस्सल. अख्ख्या औद्योगिक वसाहतीत हाच कायदा आणि त्याचा न्यायाधीश मी.

निफाडच्या एका बागाईतदाराने बेदाणे धुण्याचं मशीन बनवायला सांगितलं. माझ्या फॅब्रिकेशनच्या शेडमधलं ते पहिलंच अख्खं मशीन.

"भाऊ, बेदाण्यावर गंजाचा एक डाग दिसला तरी माल कुणी घ्यायचं नाय. लय भरवशानं आलोय."

"आबा, तुमचे नातू म्हातारे होतील, पण डाग पडणार नाही," मी छाती ठोकून सांगितलं.

नेहमीच्या दुकानदाराने तीनशे चार नंबरच्या स्टेनलेसचे बोल्ट काढून दिले. लोहचुंबक टेकवलं तर किंचित ओढ लागली.

"शेठ, उतारवयात फसवायला लागलात?"

"अरे, बोल्ट थंडच ठोकून घडवतात, त्याने तेवढं चिकटतं. जे अजिबात चिकटत नाही तेच नीट बघून घे. निकेल कमी घालून केलेला हलका मालही चिकटत नाही."

"दुकान बंद करा आणि प्रवचनं द्या!" असं चार गिऱ्हाइकांसमोर सुनावून मी पुडा त्याच्या अंगावर टाकला आणि पलीकडच्या दुकानातून न चिकटणारे बोल्ट आणले. मशीन उभं राहिलं. असं चकाकत होतं, की मी त्यात बघून दाढी केली.

संध्याकाळी शर्ट काढताना खिशातल्या लोहचुंबकाला एक बोल्ट लटकलेला दिसला. शेठच्या पुड्यातला. त्याचं प्रवचन आठवलं आणि माझं जेवण गेलं. मशीन न्यायला आबा यायला आठ दिवस होते. शेवटी तो बोल्ट आणि माझ्या पसंतीचा एक, दोन्ही बायकोच्या लिंबाच्या लोणच्यात बुडवले. माझ्यावाल्याला ओळखीसाठी दोरा बांधला. मीठ आणि आंबट यांच्याइतका खडूस परीक्षक कुठे मिळणार?

मग काय, शेडमध्ये गेलो की मशीनभोवती घिरट्या, घरी आलो की बरणीभोवती.

"अहो, सकाळपासून नऊ वेळा बरणी उघडलीत. डोहाळे लागलेत का?"

"अगं, लिंबं मुरली का बघतोय."

सातव्या दिवशी तिनेच चमच्याने दोन्ही बोल्ट बाहेर काढले. शेठचा बोल्ट नवरदेवासारखा झळकत होता. दोरा बांधलेल्याच्या आट्यांत तांबूस ठिपके.

"मशीनला कुठला लावलाय?" तिने विचारलं. मी चप्पल शोधायला लागलो.

दुकानात शेठने मान वर केली नाही. "त्या दिवशी गिऱ्हाइकं चार होती. आज तीनच आहेत. थांब जरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांचा टेम्पो येणार होता. मला कुठला दम निघतो! रस्त्यावरून जाणाऱ्या चहावाल्याला दंडाला धरून आत ओढला, चौघांसमोर कान पकडले आणि पुडा घेऊन पळालो. सगळे बोल्ट बदलले. दोन नट असे जाम झाले की पान्यानेच हात टेकले, कापूनच काढावे लागले. शेवटचा बोल्ट आवळतोय तोच दारात टेम्पो.

आबांनी मशीनभोवती एक फेरी मारली, खूश झाले. मग अंगातल्या कोपरीच्या खिशात हात घातला आणि छोटंसं लोहचुंबक काढून एका बोल्टला टेकवलं. हात बाजूला केला. ते तिथेच चिकटून राहिलं.

आबा माझ्याकडे बघायला लागले. "भाऊ, हे काय हाय?"

थंड ठोकण्यापासून निकेलपर्यंत शेठचं सगळं प्रवचन माझ्या जिभेवर आलं होतं. पण माझ्यासारख्याने ते ऐकलं नाही, तर आबा कशाला ऐकतील?

"आबा," मी म्हणालो, "टेम्पो राहू द्या इथेच. आधी माझ्या घरी चला, लोणचं दाखवतो."