कवडीचं नाव मी दुसऱ्याला दिलं

वाशीममध्ये एका जैन शेठजींच्या दुकानामागच्या खोलीत आम्ही काही जण गावोगावचं गावरान बियाणं डब्यांत जपून ठेवायचो. हवं त्यानं फुकट न्यायचं आणि पिकलं की नेलेलं परत आणून टाकायचं. तरी भांडणं व्हायचीच, तीही नावांवरून! म्हणून नियम केला, एका नावाचा एकच डबा. नवं बियाणं आलं की आधी मला विचारायचं, हे नाव मोकळं आहे का. नावांची वही माझ्याकडे. मी शाळामास्तर, शिस्तीची भारी खुमखुमी.

किन्हीराजाच्या एका बाईंनी पहिल्याच वर्षी ‘कवडी’ नोंदवली. माळरानावर थोडक्या पावसात येणारी ज्वारी. बहात्तरच्या दुष्काळात तिच्या डब्यात सोंडे पडले, सगळं पीठ झालं. बाईंना कळवू, कळवू म्हणता राहूनच गेलं.

तेवढ्यात शेलूबाजारचा एक गडी आपली पांढरी ज्वारी घेऊन आला आणि हटूनच बसला. “मास्तर, मले कवडी हेच नाव पायजे. डबा रिकामा हाय, मंग नाव काहून अडवून राह्यले?” त्याची कटकट टळावी म्हणून मी जुनी ओळ खोडली आणि नाव त्याला देऊन टाकलं. अक्कल कुठं चरायला गेली होती माझी!

दुष्काळ सरला. मृगाच्या तोंडावर बसच्या कंडक्टरबरोबर बाईंची चिठ्ठी आली, ‘कवडी पाठवा’. मी डब्यावरचं नाव वाचलं आणि पिशवी भरून पाठवली. वहीतली खोडलेली ओळ आठवलीच नाही.

दसऱ्यानंतर बाई स्वतः आल्या, हातात ज्वारीचं एक हिरवं धांडं. पुरुषभर उंच, पण कणीस पोटरीतच, शेंड्याच्या पानाच्या गुंडाळीतच अडकलेलं. शेलूबाजारची ती ज्वारी भारी जमिनीची, उशिरा येणारी. पाऊस गेला आणि बाईंच्या माळावर दाणाच धरला नाही.

मी वही उघडून सगळं खरं सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“घरातलं बियानं मी दुष्काळात दळलं, मास्तर. लेकरं भुकेनं रडून राह्यली होती. म्हटलं, वाशीमले आपली कवडी हाय, मास्तरच्या वहीत नाव हाय. तुमच्या भरवशावर दळलं.”

कवडी नेलेली चार घरं वहीत होती. सायकल काढली आणि वेड्यासारखा गावं फिरलो, हातापाया पडलो. चारही घरी तेच उत्तर, “दुष्काळात कोन ठेवते, मास्तर?”

पुढच्या बाजाराला बाई पुन्हा आल्या. माझ्या तोंडावरूनच त्या समजल्या असाव्यात. तरी त्यांनी मांडणीवरचा एकेक डबा उघडला, दाणे तळहातावर घेऊन पाहिले, परत टाकले.

सगळे डबे पाहून झाल्यावर त्या खालीच बसल्या.

“लेकराईनं त्या भाकरी लय आवडीनं खाल्ल्या, मास्तर,” त्या म्हणाल्या. “अजून मांगतेत.”