केतकी पडली, पण नाच थांबला नाही

मैत्रिणींनो, आज दुपारचीच गोष्ट. मन अजून भरलेलं आहे, म्हणून लगेच लिहून राहिले.

माझ्या नृत्यवर्गातली केतकी लहानपणापासून जिम्नॅस्टिक्स करायची. मनगट दुखावलं आणि जिम्नॅस्टिक्स सुटलं. मग मनगट बरं झाल्यावर आम्ही तिच्या कोलांट्या, मागे वाकून टाकायच्या कमानी हळूहळू नाचात बसवल्या.

आज आमच्या शहरातल्या नेपियर टाउनच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. सीमेवर लढाई सुरू झाल्यापासून तिच्या बाबांच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द आहेत. "दीदी, बाबा नाही येऊन राहिले," एवढंच बोलून ती स्टेजवर गेली.

कमानीतून उठताना तिचा पाय घसरला आणि ती धपकन खाली बसली. जिम्नॅस्टिक्समध्ये पडलं की मार्क गेले, हे तिच्या अंगात भिनलेलं. ती रडवेली होऊन माझ्याकडे बघत राहिली.

मी विंगेतून म्हटलं, "इथे मार्क नाहीत बेटा. बसल्या जागेवरून नाच!"

तिने बसूनच हात उचलले, ताल पकडला, गुडघ्यांवर आली आणि पुन्हा तीच कमान टाकून सरळ उभी राहिली. टाळ्या थांबेचनात.

कार्यक्रमानंतर केतकी माझ्याकडेच थांबली होती. संध्याकाळी तिला न्यायला बाबा ड्यूटीवरून थेट माझ्या घरी आले. चेहरा अगदी अपराधी. "पडली तर नाही ना बेटा?"

"पडली ना!" केतकी म्हणाली. "पण नाचतच राहिली. दाखवू? पडलेलं पण दाखवते."

थकलेल्या बाबांनी डबा खाली ठेवला आणि ते आमच्या अंगणात मांडी घालून बसले.

ड्यूटीमुळे हुकलेला असा कार्यक्रम तुमच्या मुलांनी कधी घरी करून दाखवला आहे का? नक्की सांगा.