मेंढरांमागं कोण पळालं

"ह्यांचं काय, पळणं ह्यांच्या रक्तातच असतं," साताऱ्यातल्या स्टेजवर रनिंग क्लबचे अध्यक्ष माइकवरून म्हणाले. "लहानपणापासून मेंढरांमागं पळून पाय तयार. खरं कौतुक आपल्या मंडळींचं. दवाखाना, ऑफिस, घर सांभाळून पळतात."

टाळ्या पडल्या. माझं नाव पुकारलं तेव्हा एवढ्या पडल्या नव्हत्या. बायकांची घाटाची शर्यत मी नुकतीच जिंकले होते. गळ्यात मेडल, अंगठ्याचं नख सुटलेलं. आणि मी हसत होते. अशा वेळी हसायचं असतं हे आम्हाला फार लवकर कळतं.

समोर गर्दीत माझी थोरली बहीण उभी होती. आक्का. माझी शर्यत बघायला जतकडनं पहिल्यांदाच आली होती. अध्यक्षांचं ऐकून तिनं पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

माझं हसू तिथंच गेलं. ते सांगत होते ते माझं नव्हतंच. तिचं होतं.

मेंढरांमागं आक्का पळाली. आम्हा दोघींत वेगवान तीच. शाळेच्या शर्यतीत मी तिला कधी गाठलं नाही. सांगलीच्या क्रीडा वसतिगृहात दोघींची निवड झाली, तेव्हा आमचे वडील, आबा, म्हणाले, दोघींना सोडता येणार नाही, मेंढरांमागं एक तरी लागती. आक्काची शाळा त्या दिवशी कायमची सुटली. मी निघाले तेव्हा माझ्या वेण्या तिनंच घातल्या.

मला वसतिगृहात अंडी मिळाली, दूध मिळालं, बूट मिळाले. पाऊल चुकलं की ओरडणारे सर मिळाले. त्यातनं मी घडले. रक्तातनं नाही. रक्त तर दोघींचं एकच.

हे मला माहीत होतं. सुट्टीला गावी गेले की मी तिच्या भेगाळलेल्या टाचांकडं बघायचं टाळायची.

मी माइक मागितला. अध्यक्षांना वाटलं, आभार मानणार.

"मी मेंढरांमागं पळाले नाही," मी म्हणाले. "माझी बहीण पळाली. म्हणून मला शिकता आलं. तुम्ही हौसेनं पळता, चांगलं आहे. तुमची सकाळ तुमच्या हातात आहे. तिची कधीच नव्हती. तिच्या कष्टाला रक्त म्हणू नका."

मग निवेदकानं नाष्टा तयार असल्याचं सांगितलं. लोक उपम्याकडं वळले.

मला वाटलं, आक्का डोळे पुसत येईल. ती रागानं आली. स्टँडपर्यंत माझ्या पुढं पुढं चालली. सांगलीच्या एसटीत बसल्यावर म्हणाली, "माझं कशाला काढलंस तितं?"

"खरं तेच बोलले, आक्का."

"बोलून तुझं वझं हलकं झालं. माझं काय झालं?"

कराड मागं पडलं. मग मी तिला म्हणाले, तुझ्या थोरल्या पोरीला माझ्याकडं इस्लामपूरला पाठव. मी तिथं शाळेत खेळ शिकवते. पोरगी चांगली पळते, मी तिला तयार करते. वाटलं, आता तरी ती माझ्याकडं बघेल.

तिनं बघितलं.

"आन् धाकटी?"

एवढंच. मी परत तेच करायला निघाले होते. एकीला उचलायचं, दुसरीला मेंढरांमागं ठेवायचं, आणि वर उपकार केल्याच्या समाधानात झोपायचं. स्टेजवरच्या माणसापेक्षा मी वेगळी कुठं होते?

येत्या जूनला दोघी माझ्याकडं येणार. धाकटीला पळायचा कंटाळा आहे. ती हौसेनं खेळेल, नाहीतर नुसती सावलीत बसेल. तो तिचा हक्क आहे. आक्काच्या सासऱ्यांनी फोनवर विचारलं, मेंढरं कोण बघायची? मी सांगितलं, ते तुमी ठरवा. पोरी बघणार न्हाईत.

आक्का अजून माझ्याशी धड बोलत नाही. तिचं गेलं ते मला परत देता येणार नाही, आणि तिनं मला माफ करावं असंही मी मागणार नाही. पण एका पोरीच्या पायाखाली दुसरीचं आयुष्य घालणं माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा होणार नाही.