‘चिडचिड वाढली’ अशी नोंद

“आजपासून बाथरूम तू घासायचं,” सिस्टर म्हणाल्या आणि ब्रश माझ्या पायाशी टाकला. हातात दिला नाही. टाकला.

कालपर्यंत त्या मला ‘मॅडम’ म्हणत होत्या.

मी कासुर्डी गावची; दौंडच्या एका शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. गेल्या हिवाळ्यात माझी झोप गेली, मग भूक, आणि मग फळ्यासमोर उभे राहून वाक्य पूर्ण करण्याची ताकदही गेली. शिरूरकडच्या एका खासगी मनोरुग्णालयात मी आपणहून दाखल झाले. तिथे सामान तपासले गेले. सलवारीची नाडी काढून इलॅस्टिक घालून दिले. ओढणी, फोन आणि पेन कपाटात गेले. गोळी गिळल्यावर जीभ वर करून दाखवायची असे. यातल्या कशाचेही मला वाईट वाटले नाही. ज्या खोलीत कोणाला जीव नकोसा झालेला असू शकतो, तिथे नाडी नसावी, हे मला कळत होते. डॉक्टर रोज दहा मिनिटे येत आणि ती दहा मिनिटे खरोखर ऐकत. चौथ्या दिवशी मला जाग आली तेव्हा उजाडले होते. कित्येक महिन्यांत असे घडले नव्हते. हे मुद्दाम सांगते. माझा राग उपचारांवर नाही.

वॉर्डात आम्ही पाच जणी होतो. सकाळी एक तास प्रत्येकीला काम असे. हात गुंतले की मन सावरते, असे डॉक्टरांचे म्हणणे. माझ्याकडे चादरींच्या घड्या होत्या. यवतच्या काकू फुलशेती करणाऱ्या घरातल्या; त्या देवाच्या फोटोसाठी शेवंतीचा हार करीत. बाथरूम पगारी मावशी घाशीत.

पाचव्या दिवशी संध्याकाळी माझ्या भावाचा फोन आला. तो सणसवाडीला कंपनीत आहे. रुग्णांनी फोनवर बोलायचे ते सिस्टरांच्या टेबलापाशी, स्पीकरवर, असा तिथला नियम.

“ताई, जेवती का न्हाई? पोरास्नी भेटून आलोय. दाजींनी पिठलं केल्तं, पोरं म्हंत्यात आई लवकर यावी.”

कित्येक दिवसांनी मी हसले. शेवटी तो नेहमीप्रमाणे म्हणाला, “जय भीम, ताई.” मीही म्हटले.

सिस्टरांनी रजिस्टरमधून मान वर केली. “कासुर्डीत घर कुठं म्हणालात तुमचं? देवळाकडं, का वेशीच्या बाहेर?”

आमच्याकडे जात अशी विचारतात. मी उत्तर दिले. आवाज खाली ठेवून दिले.

दुसऱ्या सकाळी ब्रश पायाशी पडला.

“मावशी रजेवर आहेत का?” मी विचारले. काहीतरी सभ्य कारण असेल, अशी माझी वेडी आशा.

मावशी दारातच चहा पीत उभ्या होत्या. “न्हाई वो, मी हाय की. पर तुमच्या हाताला वळण आसंल.”

सिस्टर हसल्या. मी ब्रश उचलला. आणि याची लाज मला आजही आहे: मी ते बाथरूम चांगले घासले. एक दिवस नाही, तीन दिवस. कारण ‘रुग्ण सहकार्य करते’ असा शेरा पडल्याशिवाय घरी सोडत नाहीत, असे सगळ्याजणी सांगत. माझ्या आईने बाजाराच्या आवारात झाडलोट करून मला शिकवले. तिला त्या कामाची लाज नव्हती, मलाही नाही. ते माझ्यापुढे का आले, याचा संताप होता, आणि तो मी गोळीबरोबर गिळत होते.

चौथ्या सकाळी गिळता आला नाही.

“मी हे करणार नाही.”

“का? हात झिजत्यात?”

“झिजत नाहीत. पाचही जणींची पाळी लावा. मग माझ्या पाळीला मी घाशीन.”

हारातून डोके न काढता काकू म्हणाल्या, “आगं बया, मला कुठं वढती ह्यात? मी देवाचं करती. त्या हातानं संडास घासू व्हय?”

दुपारी डॉक्टरांनी फाईल उघडली. सिस्टरांची नोंद होती: ‘चिडचिड वाढली. काम नाकारते.’ डॉक्टर फाईलकडे बघतच म्हणाले, “रात्रीची गोळी थोडी वाढवू.”

“चिडचिड का वाढली, ते लिहिलेले नाही,” मी म्हटले.

“नंतर बोलू.”

माझा अपमान झाला, तो लक्षणांत गेला. त्यावर डोस ठरला. आयुष्यात इतकी संतापले नव्हते, आणि संताप दाखवला की गोळी वाढणार होती.

पेन मिळत नव्हते. चित्रकलेच्या तासाला मात्र रंगीत खडू देत. मी निळा खडू घेतला आणि चित्राच्या कागदावर अर्ज लिहिला. हयातभर अर्जाची सुरुवात ‘सविनय’ने केली होती. या वेळी तो शब्द लिहिला नाही. माझे काम कोणत्या दिवशी बदलले, कोणत्या फोननंतर बदलले, कोण काय बोलले, ते ओळीने लिहिले. रुग्णाकडून सक्तीने काम करून घेता येत नाही, हा कायदा त्यांच्याच दर्शनी भिंतीवरच्या फलकावर होता, तोही उतरवला. खाली लिहिले: प्रत, मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळ. रुग्णाला तिथे दाद मागता येते. अर्ज डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला.

तासाभरात डॉक्टरांनी बोलावले. “मॅडम, गैरसमज झालाय. तुम्ही आजच घरी जाऊ शकता. मिस्टरांना फोन करतो.”

ज्यासाठी तीन दिवस घासले, ते समोर ठेवले होते. पोरे डोळ्यांपुढे आली.

“मी जाणार नाही,” मी म्हटले. “तुम्हीच पंधरा दिवस सांगितले होते. माझे उपचार पुरे करा. गोळी का वाढवली ते मला समजावून सांगा, नाहीतर होती तेवढी करा. आणि चिडचिड कशाने वाढली, ते फाईलमध्ये लिहा.”

“असं फाईलमध्ये लिहीत नाहीत.”

“मग हा अर्ज फाईलला लावा.”

लावला. गोळी पूर्वीइतकी झाली. उरलेले दिवस मी तिथेच काढले. काकू माझ्याशेजारी जेवायला बसेनाशा झाल्या. मी एकटी जेवले, पोटभर जेवले.

घरी आल्यावर मी अर्जाची प्रत मंडळाला पाठवली. रुग्णालयातून दोनदा निरोप आला: अर्ज मागे घ्या, सिस्टरांची नोकरी जाईल, आणि तुमचीही चर्चा होईल. नवरा भला माणूस आहे. तोही म्हणाला, “शाळंत कळंल. येडी म्हंतील तुला.”

“कळू दे,” मी म्हटले. “मीच सांगते.”

शाळेत सांगितले. मंडळापुढेही सांगणार आहे: मी आजारी होते, औषध अजून चालू आहे, मी बौद्ध आहे, आणि माझा राग खरा होता. अर्ज मागे घेणार नाही. पुन्हा आजारी पडले, तर त्याच वॉर्डात जाईन. त्यांना मला दाखल करावे लागेल.