अकरा दिवसांची चव

सूपबाई हे नाव त्यांना हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पडलं. तीस वर्षं त्यांनी तिथे एकच मोठं पातेलं सांभाळलं. सकाळी सहाला हाडं पाण्यात पडायची, दुपारपर्यंत मंद आचेवर राहायची. मग ते पाणी कपड्यातून गाळायचं, थंड झालं की वर साकळलेली चरबी चमच्याने अलगद उचलायची आणि पुन्हा एकदा गाळायचं. वाटीत ओतल्यावर तळ स्वच्छ दिसला पाहिजे. कूस बदलता न येणारी माणसं आठवड्याभरात भिंत धरून चालायला लागायची आणि स्वयंपाकघराच्या दारात थांबून म्हणायची, "सूपबाई, तुम्ही उभं केलंत." औषधांना असं कोणी कधी म्हणालं नाही.

त्यामुळे जगात माणसं दोनच तऱ्हेची, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती. खाऊ शकणारी आणि अजून खाऊ न शकणारी. खाता येत असून न खाणारी माणसं असतात, हे त्यांना मुलाने लग्न केल्यावर जवळून कळलं.

सून चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघायचं काम, त्यामुळे घरीही बोलताना ती सरळ डोळ्यांत बघायची. मांस, मासे, अंडं यांतल्या कशालाही तिने जन्मात तोंड लावलं नव्हतं. पण त्याचं अवडंबर तिने कधी माजवलं नाही. एक कढई, एक पातेलं, एक डाव आणि फळीवरचा वरचा कप्पा, एवढंच तिने वेगळं मागून घेतलं.

अवघडले ते घरातले बाकीचे. सूपबाईंचा नवरा गॅरेजमध्ये मेकॅनिक. हाड फोडून आतलं चोखल्याशिवाय जेवण झालं असं त्याला वाटायचं नाही. पण सून समोर बसली की त्याचा हात आखडायचा.

"ती काही म्हणते का तुम्हाला?" सूपबाई विचारायच्या.

"म्हणत नाही, तेच तर दुखणं आहे! म्हणाली असती तर दोन शब्द सुनावले असते. खाली मान घालून भाजी खाते, आणि मला आपलं वाटतं, मी कुणाच्या तरी घरात चोरी करतोय."

"मग तोंड फिरवून बसा."

"माझ्याच घरात मी तोंड फिरवू? वा गं वा!"

सूपबाईंचा धाकटा दीर आला की सुनेला डिवचायचाच. एकदा म्हणाला, "काय सूनबाई, आज कोणत्या झाडाचा जीव घेतलास?"

"झाडाचाच घेतला, काका. निदान ते पळत तरी नव्हतं."

सगळे खो खो हसले. पण काकांनी त्या दिवशी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही, हे सूपबाईंच्या नजरेतून सुटलं नाही.

त्या स्वतः तिला कधी चिडवायच्या नाहीत. त्यांना तिची दया यायची. रोज पहिल्या दिवसाच्या पेशंटसारखी जेवते पोर, असं त्यांना वाटायचं, आणि हीच दया पुढे त्यांना भोवली.

नात दीड वर्षाची असताना सुनेला टायफॉइड झाला. ताप उतरला, पण ती उठेना. घास तोंडात घेऊन बसायची आणि तसाच थुंकून टाकायची. मनगटाच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, वेळ लागेल. मुलगा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. एके दुपारी नात आईच्या पलंगाशी गेली, तिच्याकडे बघून दचकली आणि मागे फिरून आजीच्या पायांना बिलगली. अंथरुणातून सुनेने ते पाहिलं. तिने भिंतीकडे तोंड केलं.

दुसऱ्या दिवशी सूपबाई कामावर जाताना पिशवीत थर्मास घेऊन गेल्या.

घरी हाडं शिजवणं शक्य नव्हतं, दारातूनच वास गेला असता. हॉस्पिटलमध्ये त्यांनी ते पाणी दोनदा नाही, चारदा गाळलं. घरी येऊन सुनेच्याच वेगळ्या पातेल्यात डाळ घातली आणि पाण्याच्या जागी थर्मास रिकामा केला. हे काही मांस नाही, हे पाणीच आहे, असं त्यांनी स्वतःला बजावलं. चारदा गाळल्यावर उरतंय काय? काही उरत नसेल तर घालायचं कशाला, हा प्रश्न मात्र त्यांनी स्वतःला विचारला नाही.

पहिला चमचा घेतल्यावर सुनेने मान वर केली. "आई, डाळीत आज काय घातलंत?"

"काय घालणार? डाळच आहे."

"तोंडाला चव आली."

जिने कधी चाखलंच नाही ती ओळखणार तरी कशी? सहाव्या दिवशी ती उशीला टेकून बसली. अकराव्या दिवशी आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आली आणि तिने सूपबाईंचा ओला हात दोन्ही हातांत धरला.

"तुम्ही माझं सगळं सांभाळून मला उभं केलंत. माझ्या आईनेही एवढं केलं नसतं."

हे शब्द सूपबाईंनी शेकडो लोकांकडून ऐकले होते. त्या दिवशी मात्र त्यांना हात सोडवून घ्यावासा वाटला.

सुनेने ती गोष्ट घरोघरी नेली. दुकानात समोरच्याच्या नाकावर भिंगं बदलता बदलता ती सांगायची, "आमच्या घरात सगळे खाणारे. पण माझ्या सासूबाईंनी माझ्या ताटात थेंब पडू दिला नाही. नुसत्या डाळीच्या पाण्यावर मला मरणाच्या दारातून परत आणलं. मांसाशिवाय ताकद येत नाही म्हणणाऱ्यांनी माझ्याकडे बघावं."

सूपबाईंनी महिन्याभरात स्वतः मांस-मासे खाणं सोडलं. लोक म्हणाले, सुनेच्या मायेपोटी सोडलं. नवरा कपाळाला हात लावून म्हणाला, "आता तूही पाला खाणार? या घरात मी एकटाच राक्षस उरलो म्हणायचं." त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. हाड दिसलं की त्यांना थर्मासचं झाकण फिरवल्याचा आवाज यायचा, एवढंच.

आणि सून ती चव विसरेना. ताप आला, सर्दी झाली, की म्हणायची, "आई, तेव्हासारखी डाळ करा ना." सूपबाई करायच्या. ती दोन चमचे घ्यायची आणि हसायची. "छान आहे. पण ती नाही."

मग सूपबाईंना वेडच लागलं. हाडांशिवाय ती चव आणायची. एकदा आली की झालं, मग मागचंही खरं होऊन जाईल. त्यांनी कांदे काळे होईपर्यंत भाजले. लसणाचा गड्डा निखाऱ्यात पुरला. अळंबी वाळवून कुटली, टोमॅटोच्या बिया आटवल्या, डाळ सहा सहा तास चुलीवर ठेवली. वर्षामागून वर्षं गेली. "जवळ आलंय," सून डोळे मिटून म्हणायची, "अगदी जवळ आलंय." तो शब्द ऐकला की सूपबाई रिकामं पातेलं उचलून मोरीकडे वळायच्या.

नवरा गेल्यावर घरात मांस शिजणं बंदच झालं. आणि मग तो वास यायला लागला. दुपारी चारच्या सुमाराला, सून दुकानात असताना. हाडं शिजत असल्याचा, चरबी वर येत असल्याचा वास. सूपबाई गॅस बघायच्या, मोरी हुंगायच्या, खिडकी उघडून शेजाऱ्यांकडे नाक करायच्या. बाहेर काही नसायचं. वास आतूनच यायचा. कधी कधी पातेल्यावरचं झाकण थडथडल्यासारखं वाटायचं, आणि जाऊन बघावं तर पातेलं पालथं, कोरडं.

"कसला वास येतोय का गं?" सून घरी आली की त्या विचारायच्या.

"नाही हो. तुमचं नाक अजून हॉस्पिटलातच आहे," ती म्हणायची.

अशी सव्वीस वर्षं गेली. गेल्या वर्षी नात पाचव्या महिन्यात आईकडे राहायला आली, तेव्हा तिच्या अंगात रक्त नव्हतं. जिना चढली की पायरीवर बसायची. तीही आईसारखीच, कशाला न शिवणारी. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, इंजेक्शनं सांगितली आणि म्हणाल्या, खायची तयारी असेल तर निदान अंडं तरी सुरू कर.

"काही गरज नाही," सून म्हणाली. "गोळ्याही पोटाला बाधतात. मी मरायला टेकले होते, डाळीच्या पाण्यावर उठले. तू काही माझ्याहून नाजूक नाहीस."

"आई, तुझं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? विचार आजीला. सांगा हो आई, काय घातलं होतंत?"

नात पांढऱ्याफटक चेहऱ्याने आजीकडे बघत होती. सूनही बघत होती, तिच्या सवयीप्रमाणे, थेट डोळ्यांत. दुपारचे चार वाजायचे होते, आणि वास एवढा दाटून आला की सूपबाईंनी पदर नाकाला लावला.

"हाडांचं पाणी," त्या म्हणाल्या. "हॉस्पिटलातून आणायचे. थर्मासमधून."

नातीला आधी कळलंच नाही. सुनेला कळलं.

"कशाची हाडं?"

"बकऱ्याची."

"अकरा दिवस?"

"अकरा."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा." मग त्यांना राहवेना. "तू त्यानेच उठलीस की औषधाने, ते मला अजून माहीत नाही गं. देवाशपथ माहीत नाही. पण नुसती डाळ नव्हती ती. या पोरीने त्या गोष्टीवर भरवसा ठेवू नये."

"मला विचारलं का नाहीत?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते."

"मेली असतीस."

"कदाचित. पण ते माझं मी ठरवलं असतं." सून उठली आणि चपला घालून बाहेर गेली.

चार दिवस तिने घरातल्या अन्नाला हात लावला नाही. ब्रेड आणि केळी आणून आपल्या खोलीत खायची. बोलणं बंद नव्हतं. वीज आली का, दूधवाला येऊन गेला का, एवढं विचारायची. नातीने मध्यस्थी करून पाहिली.

"आई, सव्वीस वर्षं झाली. अंगातला कण न् कण बदलला असेल आता."

"कण बदलले असतील. मी सगळ्या गावाला सांगत सुटले होते, ते कसं बदलू?"

"आणि आजीने ते माझ्यासाठी सांगितलं, ते?"

सून केळं सोलत बसली. नात म्हणाली, "मी गोळ्या घेणार आहे, आणि काय खायचं ते डॉक्टरीणबाईंशी बोलून ठरवणार आहे. तुमच्या दोघींच्या डाळीवर माझं बाळ टांगून ठेवू नका."

पाचव्या दिवशी सून दुकानातून लवकर परतली. डोकं धरून बाहेरच्या खोलीत बसली. सकाळपासून उपाशी असावी. सूपबाई स्वयंपाकघरात गेल्या. काय करावं, करावं की नाही, काही सुचेना. त्यांनी नळ सोडला आणि एकदम मोठ्याने म्हणाल्या, "पाणी घेतलं. नळाचं."

मग त्यांनी डाळीचा डबा उघडला.

"डाळ घातली. दोन मुठी." थोडं थांबून, "मीठ घातलं." मग, "हळद."

"किती?" बाहेरून आवाज आला.

"अर्धा चमचा."

"हं."

त्या दिवशी ती जेवली. खाली बघून, पण जेवली.

तेव्हापासून हे रोज चालतं. नात बाळंत होऊन मुलीला घेऊन आपल्या घरी गेली. मुलगा अजून परगावीच, घरात पुन्हा दोघीच उरल्या. सूपबाई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, बोलताना धाप लागते. तरी पातेल्यात काय काय पडतंय ते त्या एकेक करून बाहेर ऐकू जाईल असं सांगतात. मध्येच खोकला आला तर बाहेर वर्तमानपत्राचं पान उलटायचं थांबतं आणि त्या पुन्हा बोलेपर्यंत थांबूनच राहतं. सगळं सांगून झालं की त्या गॅस बारीक करतात.

"आणि?" सून विचारते.

"आणि काही नाही."

पान उलटल्याचा आवाज येत नाही.

"आणि?"

"काही नाही गं बाई," सूपबाई म्हणतात. "ये, बघून जा."

ती कधीच बघायला येत नाही. थोड्या वेळाने पाटावर येऊन बसते आणि ताट पुढे ओढून घेते.