गुरगुरणारं स्किमर

आवाज करणारं यंत्र कुणी मुद्दाम मागून घेतं का, तुम्हीच सांगा? आमच्या गल्लीतला फिटर मागतो. त्याची लेक जहाजावर नोकरीला गेली आणि जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी बापाच्या गळ्यात मारून गेली. पाण्यातली घाण फेसात धरून वर काढणारं तिचं जुनं स्किमर गेल्या आठवड्यात बंद पडलं. फिटरने तीनदा उघडलं, पण जळलेल्या मोटरपुढे त्यानेही हात टेकले.

दुकानदाराने नवं चालवून दाखवलं. "काका, कान लावलात तरी ऐकू येणार नाही."

"मग काय उपयोग? जरा गुरगुरणारं दाखवा."

"लोक आवाजावरून भांडतात माझ्याशी, आणि तुम्ही आवाज मागताय!"

"त्यांच्या लेकी घरी असतील," फिटर फटकन बोलला.

लेक गेल्यावरही भिंतीपलीकडून ती गुरगुर यायची, म्हणून तिची खोली त्याला कधी रिकामी वाटली नव्हती. पण प्रवाळ मरायला नकोत, म्हणून त्याने निमूटपणे ते मुकं यंत्र घेतलं.

तुमच्याकडे तसलं जुनं, गुरगुरणारं स्किमर पडलं असेल, तर भंगारात घालू नका. आधी फिटरच्या दारात आणून ठेवा.